पेट्रोल इंजिनाच्या मॉडेल विमानाला मफलर कोणता घ्यावा आणि तो टिकवावा कसा?

प्रश्न असा आहे: पन्नास सीसीच्या आसपासचं, एका सिलिंडरचं टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन आणि त्याच्यासोबत आलेला डबा मफलर. दर तीन-चार उड्डाणांनी बोल्ट सैल होतात, जोडातून काळं तेल ओघळतं आणि मैदानावर आवाजावरून कुरकुर सुरू झाली आहे. आता कॅनिस्टर (विमानाच्या पोटाखाली बसणारा लांब मफलर) घ्यावा की सरळ ट्यून्ड पाइप (एक्झॉस्टची लाट परतवून शक्ती वाढवणारी, लांबी जुळवलेली नळी)? आणि मफलर आतून धुवावा लागतो का?

खरेदीचं नंतर बघू. आधी बोल्ट. आज सैल होणाऱ्या मफलरचं कारण सापडलं नाही, तर उद्या त्याच दोन बोल्टांवर त्याहून जड कॅनिस्टर येणार आणि तो अधिक जोरात हलणार.

बोल्ट कंपनामुळे सुटतात असं सगळे म्हणतात. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं काम उष्णता करते. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं. पोलादाचा बोल्ट आवळतो तेव्हा तो स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि ती ओढच जोड घट्ट धरते. ५ मिमीच्या बोल्टची पकड १५ मिमी लांबीची असेल, तर ही ओढ किती? साधारण ३० मायक्रॉन. आता तोच जोड १८० अंशांनी तापला, तर त्या १५ मिमीत ॲल्युमिनियम आणि पोलाद यांच्या वाढीतला फरकही ३० मायक्रॉनच्या घरात जातो. म्हणजे गरम झाल्यावर बोल्टवरचा ताण दुप्पट होऊ पाहतो, पण तो पेलायला आहेत ॲल्युमिनियमचे आटे आणि जोडाच्या मधे बसवलेलं मऊ गॅस्केट. गॅस्केट दबतं, आटे थोडे बसतात. थंड झाल्यावर दबलेलं गॅस्केट परत फुगत नाही आणि बोल्टची ओढ गेलेली असते. त्यानंतर कंपनाला फक्त तो फिरवायचं काम उरतं.

हे समजलं की उपाय आपोआप दिसतात. सोबत आलेलं कागदी गॅस्केट मी वापरतच नाही. धातूचं किंवा ग्रॅफाइटचं वापरतो, आणि एकदा दबलेलं पुन्हा बसवत नाही. मफलरचा फ्लँज, म्हणजे सिलिंडरला टेकणारी बोल्टांची पट्टी, सपाट आहे का ते आधी बघा. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्यावर फ्लँज आठाच्या आकारात घासला, तर उंचवटे लगेच चमकतात. नवा मफलरही वेल्डिंगच्या उष्णतेने वाकलेला निघतो, हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे. उच्च तापमानाचा सिलिकॉन सीलंट लावायचा असेल तर बोटाने पुसल्यासारखा पातळ थर पुरे. जाड लावला तर तो आत पिळून पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरमधून धूर बाहेर पडायच्या भोकाच्या, तोंडाशी लोंबतो.

बोल्ट १२.९ दर्जाचे, म्हणजे जास्त ताकदीच्या पोलादाचे, घ्या आणि मापात बसतील तितके लांब घ्या. लांब बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून गॅस्केट थोडं दबलं तरी त्याची ओढ शिल्लक राहते. आटे थिनरने धुऊन कोरडे करा. दोन्ही बोल्ट आलटून पालटून, मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंतच आवळा. मग पाच-सहा मिनिटं इंजिन चालवा, पूर्ण थंड होऊ द्या आणि पुन्हा आवळा. पहिल्या उड्डाणानंतर परत एकदा. ही दुसरी-तिसरी आवळणी टाळणाऱ्यांचेच मफलर मैदानात शोधावे लागतात.

थ्रेडलॉकवर, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवावर, भिस्त ठेवू नका. नेहमीचा निळा थ्रेडलॉक १५०-१८० अंशांच्या पुढे मऊ पडतो, आणि एक्झॉस्टच्या फ्लँजला तेवढं तापायला वेळ लागत नाही. खास उच्च तापमानाचे प्रकार २३० अंशांच्या आसपास तग धरतात. माझा भरवसा मात्र उताराच्या दातांच्या जोडवॉशरवर आहे. दोन चकत्या, मधल्या बाजूला चढ-उतार, बोल्ट उलटा फिरायला गेला की जोड आणखी घट्ट होतो. साधा फाटका स्प्रिंग वॉशर तापून आपला ताव घालवतो, तो नसला तरी चालेल. बोल्टच्या डोक्याला भोक पाडून सेफ्टी वायर ओवणं चांगलंच, फक्त तिचं काम नीट ओळखा: वायर बोल्ट गळून पडू देत नाही, पण जोडाची ओढ काही टिकवत नाही. वायर शाबूत आणि मफलर मात्र खालून फुंकतोय, हे दृश्य दुर्मिळ नाही.

सिलिंडरमधले आटे आधीच खाल्लेले असतील तर हे सगळं व्यर्थ. तिथे स्टीलचा आट्याचा इन्सर्ट, म्हणजे हेलिकॉइल, बसवून घ्या आणि मगच पुढे जा. ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा तो जास्त वेळा काढघाल सोसतो.

माझा एक मफलर हवेत सुटला होता. लूपच्या माथ्यावर आवाज एकदम फाटला आणि खाली काहीतरी चमकत पडताना दिसलं. आवाजाचं काही वाटलं नाही, पण नाकावरचं वजन अचानक गेल्यामुळे विमानाचा गुरुत्वमध्य मागे सरकला आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा फडका) इतका तिखट झाला की उतरताना हात थरथरत होते. खाली आणल्यावर काउलची, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाची, आतली बाजू कोळशासारखी काळी झालेली. त्या दिवशी सकाळी मी बोल्ट बोटाने चाचपले होते, ॲलन कीने नाही.

आता आवाज. मफलर बदलण्याआधी आवाज नेमका कुठून येतोय ते ठरवा, कारण अर्ध्या तक्रारी प्रोपेलरच्या असतात. २२ इंची प्रोपेलर मिनिटाला ७००० फेरे फिरतो तेव्हा त्याचं टोक सेकंदाला सुमारे २०५ मीटर धावत असतं, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या सहा दशांश. डाइव्ह मारताना ऐकू येणारी ती कापड फाडल्यासारखी कर्कश धार प्रोपेलरची असते आणि ती कुठलाच मफलर गिळू शकत नाही. समजा प्रोपेलर आणि एक्झॉस्ट दोन्ही ९० डेसिबलचे आहेत. एकत्र ९३ होतात. तुम्ही भारी मफलर लावून एक्झॉस्ट ८० वर आणलात, तरी एकूण आकडा ९० च्या किंचित वरच थांबतो. खर्च मोठा, फरक जेमतेम. त्याऐवजी आधी २३ इंची प्रोपेलर लावून फेरे ६४०० च्या आसपास आणून बघा, टोकाचा वेग १९६ वर येतो आणि कान लगेच सांगतात. इंजिन त्या प्रोपेलरला तापत नसेल तरच, अर्थात.

एक्झॉस्टचा आवाज वेगळा ओळखू येतो. ७००० फेऱ्यांना एका सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन सेकंदाला ११७ ठोके देतं. ती खोल धडधड लांबवर जाते. रिकामा डबा आवाज कमी करतो तो असा: अरुंद नळीतून आलेली दाबाची लाट अचानक रुंद जागेत येते आणि तिचा काही भाग मागे परततो. २० मिमीच्या नळीला ६० मिमी व्यासाचा डबा जोडला तर क्षेत्रफळ नऊपट होतं आणि कागदावरच्या सूत्रानुसार जास्तीत जास्त १३ डेसिबल कमी होतात. पण हा जास्तीत जास्तचा आकडा ३० सेंमी लांबीच्या डब्यात चारशे हर्ट्झच्या आसपास मिळतो. ११७ हर्ट्झला तोच डबा सहा-सात डेसिबलच कापतो. लहान मफलरने किरकिर जाते आणि धडधड राहते ती यामुळेच. आतले पडदे आणि भोकांच्या नळ्या थोडी सुधारणा करतात, तरी आकारमानाला पर्याय नाही. माझा ठोकताळा असा: मफलरचं आतलं आकारमान इंजिनाच्या किमान दहापट, जमल्यास पंधरापट. ५० सीसीला ५०० ते ७५० घन सेंमी. ५ सेंमी व्यासाचा आणि ३० सेंमी लांबीचा कॅनिस्टर सुमारे ५९० भरतो, म्हणजे मधोमध. काउलमध्ये मावणारा डबा मफलर यात कुठे बसतो ते पाण्याने भरून मोजून बघा, बहुतेक वेळा उत्तर निराश करणारं असतं.

डबा मफलर किंवा दोन नळ्या खाली सोडणारा पिट्स पद्धतीचा मफलर (नाव पिट्स स्पेशल या कसरतीच्या बायप्लेनवरून आलं) हलका असतो, सगळा नाकाशी राहतो आणि विमानात काही कापाकापी करावी लागत नाही. नाक आखूड असलेल्या, गुरुत्वमध्यासाठी पुढे वजन लागणाऱ्या विमानाला तोच योग्य. अशा विमानात कॅनिस्टर घालून वर नाकात शिसं भरणारे लोक मला कळत नाहीत.

कॅनिस्टर म्हणजे हेडरच्या (पोर्टला जोडलेल्या पहिल्या वळणदार) नळीमागे, पोटाखालच्या बोगद्यात आडवा झोपलेला लांब डबा. मोठ्या कसरतीच्या विमानात बहुतेक वेळा बोगदा तयारच असतो. तुमच्या विमानात तो असेल आणि तक्रार धडधडीची असेल, तर कॅनिस्टर घ्या. शक्ती फारशी वाढत नाही, हे मात्र आधीच सांगतो.

ट्यून्ड पाइप वेगळं प्रकरण आहे. त्यात मागच्या शंकूवरून परतलेली लाट पोर्ट बंद होण्याच्या जरा आधी पोहोचते आणि निसटलेलं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये परत ढकलते. यासाठी लांबी जुळावी लागते. ७००० फेऱ्यांना एका फेऱ्याला ८.६ मिलिसेकंद लागतात. पोर्ट १५० अंश उघडा असेल तर ३.६ मिलिसेकंद मिळतात. गरम वायूत लाट सेकंदाला ५१०-५२० मीटर जाते, म्हणजे तेवढ्या वेळात जाऊन-येऊन १.८५ मीटर, एकेरी सुमारे ९२ सेंमी. पिस्टनपासून मागच्या शंकूच्या मध्यापर्यंत एवढी लांबी बोगद्यात बसते का? बसली तरी फायदा ठरावीक फेऱ्यांच्या पट्ट्यातच मिळतो. स्पर्धेत उडवणाऱ्याने जरूर लावावा, शनिवार-रविवारी मजेत उडवणाऱ्याला मी कधी सुचवत नाही.

ग्लो इंजिनाकडून (मेथॅनॉलवर चालणाऱ्या लहान मॉडेल इंजिनाकडून) आलेल्यांसाठी एक गोष्ट. इथे मफलरमधून टाकीला दाबाची नळी द्यायची नसते. पेट्रोल इंजिनाचा डायफ्रामवाला कार्बोरेटर क्रँककेसच्या ठोक्यावर स्वतः पेट्रोल ओढतो. नव्या मफलरवर दाबाचा निपल असेल तर तो स्क्रूने बंद करा. आणि ग्लो इंजिनावर वर्षानुवर्षं टिकणारा सिलिकॉनचा जोड इथे हेडरवर चालेल असं समजू नका, पेट्रोलचा एक्झॉस्ट त्याला जाळून टाकतो.

खरेदी करताना सीसी बघून मागवू नका. दोन कंपन्यांच्या ५५ सीसी इंजिनांवर बोल्टांमधलं अंतर वेगळं असतं. एकाच कंपनीच्या इंजिनातही बाजूला एक्झॉस्ट असलेलं आणि मागे एक्झॉस्ट असलेलं, असे दोन प्रकार असतात. व्हर्निअरने बोल्टांमधलं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा, पोर्टचं तोंड मोजा, आणि हेडरचा उतार, म्हणजे पोर्टच्या मध्यापासून कॅनिस्टरच्या मध्यापर्यंत किती खाली यायचं, तेही विमानावर पट्टी धरून मोजा. फ्लँजचं भोक पोर्टपेक्षा लहान निघालं तर कानशीने जुळवून घ्या. बाहेर जाणारी नळी फार बारीक असेल तर आवाज सुंदर कमी होतो आणि इंजिन तापून जाम होतं. स्टेनलेसचा हेडर आणि ॲल्युमिनियमचा कॅनिस्टर ही जोडी मला सगळ्यात आवडते: पोर्टजवळ जिथे ताप आणि हिसके जास्त, तिथे स्टील, मागे हलकेपणा. पूर्ण ॲल्युमिनियमचा हेडर वेल्डिंगजवळ लवकर तडकतो.

कॅनिस्टर बसवताना एक नियम कधी मोडू नका: इंजिन हलतं, तेव्हा कॅनिस्टरलाही त्याच्यासोबत हलू द्या. मागचं टोक फ्यूजलाजला, म्हणजे विमानाच्या धडाला, स्क्रूने पक्कं केलं की हेडर दोन-चार दिवसांत तडकतो. मागची नळी सिलिकॉनच्या जाड रिंगमध्ये नुसती टेकवा, खाली-वर सैल आधार मिळाला पाहिजे, पकड नको. उलट मागे आधारच दिला नाही, तर सगळं वजन हेडरच्या वळणावर येतं. तेही वाईट.

हेडर आणि कॅनिस्टर यांच्यामध्ये टेफ्लॉनची बाही लागते. दोन नळ्यांमध्ये २ मिमीच्या आसपास फट ठेवा. त्या एकमेकींवर आपटता कामा नयेत, पण फट मोठी झाली तर गरम झोत थेट टेफ्लॉनवर जातो. टेफ्लॉन २६० अंशांपर्यंत सुखात असतं, ३२७ ला वितळतं आणि त्यापुढे त्याचा धूर विषारी असतो. बाही पिवळी-तपकिरी पडून फुगली तर नुसती बदलू नका, कारण शोधा. एक तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, नाही तर बोगद्यात वारा नाही.

वाऱ्याचं गणित लोक उलटं करतात. पुढे मोठं तोंड ठेवतात आणि मागे बोटभर फट. गरम हवा फुगते, तिला बाहेर पडायला आत यायच्या वाटेपेक्षा दुप्पट-तिप्पट जागा लागते. कॅनिस्टरच्या मागच्या टोकाशी पोटात मोठी खिडक कापा, सगळ्या बाजूंनी बोटभर मोकळी जागा ठेवा आणि बोगद्याच्या लाकडाला ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावा. बाहेरच्या फिल्मला सुरकुत्या पडायला लागल्या, तर आतलं बाल्सा भाजायला सुरुवात झाली असं समजा. टाकीच्या व्हेंटची, म्हणजे हवा जायची, नळी एक्झॉस्टपासून लांब, दुसऱ्या बाजूला काढा. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

कॅनिस्टर लावल्यावर गुरुत्वमध्य पुन्हा तपासा. जुना डबा नाकावर होता, नवं वजन पंखाखाली आलं, म्हणजे बॅटरी पुढे सरकवावी लागणार. आणि नीडल, म्हणजे कार्बोरेटरवरचे पेट्रोल कमी-जास्त करणारे स्क्रू (संथ चालीचा लो, पूर्ण वेगाचा हाय), नव्याने लावा. मागचा दाब बदलला की मिश्रण बदलतं, जुनी सेटिंग विसरा. मी हाय नीडल अष्टमांश फेरी उघडून सुरुवात करतो, आधी लो नीडलवर संथ चाल बसवतो, मग हायवर येतो, आणि जमिनीवरच्या कमाल फेऱ्यांपेक्षा थोडं खाली, जाड (जास्त पेट्रोलच्या) बाजूला थांबतो. चार उड्डाणांनंतर प्लगचा रंग बघून बाकीचं. लहान फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिनांचा एक्झॉस्ट तर याहून गरम असतो. त्यांच्या आट्यांनी बसणाऱ्या एक्झॉस्ट नळ्यांचे नट दर दिवशी पान्याने बघावेत, बाकी सगळं तेच.

देखभाल म्हणजे मुख्यतः नजर. फ्लँजभोवती काळा, ओला डाग म्हणजे जोड फुंकतोय. आवळून थांबला नाही तर उघडा, गॅस्केट बदला. बाहेरच्या नळीतून सतत ओलं तेल थेंबथेंब पडत असेल तर मिश्रण जाड आहे किंवा तेलाचं प्रमाण जास्त. कोरडी राखाडी नळी आणि तापट इंजिन म्हणजे पातळ मिश्रण. मफलर काढल्यावर कानाजवळ हलवा. खडखडलं तर आतला पडदा सुटला आहे, आणि तो एखाद्या दिवशी नेमका बाहेरच्या तोंडावर जाऊन बसतो. मफलर काढताना आणि लावताना पिस्टन वर आणून पोर्ट बंद ठेवा. सीलंटचा सुका तुकडा किंवा वॉशर आत गेला तर सिलिंडर गेला.

धुवायचं का? चांगलं टू-स्ट्रोक तेल आणि इंजिनच्या मॅन्युअलमधलं प्रमाण, बहुतेक ३० ते ५० ला १, पाळलं तर वर्षातून एकदा पुरतं. भोकं बुचाने बंद करून रॉकेल भरा, रात्रभर ठेवा, सकाळी जोरात हलवून ओता, दोन-तीनदा तेच करा. निथळून उन्हात पूर्ण वाळवा, ओल्या रॉकेलसह इंजिन सुरू करू नका. ओव्हन किंवा नाली साफ करायची औषधं ॲल्युमिनियमला कधीही लावू नका. त्यातला कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो आणि वर ज्वालाग्राही हायड्रोजन सोडतो. माझ्यासमोर एकाने रात्रभर बुडवून ठेवलेला कॅनिस्टर सकाळी चाळणी होऊन निघाला. पोर्टच्या तोंडावरची कडक काजळी लाकडी काडीने खरवडा, स्क्रूड्रायव्हरने नाही.

तडा बहुतेक फ्लँजच्या वेल्डिंगला लागून जातो. साबणाने धुऊन भिंगातून बघितला तर केसासारखी काळी रेघ दिसते. एकदा टिग वेल्डिंग करून घ्यायला हरकत नाही, पण वेल्डरकडे नेण्याआधी तेल पूर्ण जाळून काढा. तेल प्यालेल्या ॲल्युमिनियमवर टाका धरत नाही. त्याच जागी दुसऱ्यांदा तडा गेला तर मफलर टाकून द्या आणि आधार तपासा, दोष तिथे आहे.

विमान महिनाभर ठेवून देणार असाल तर नाक वर करून मफलर निथळू द्या आणि बाहेरची नळी चिंधीने बंद करा. चिंधीला लाल फीत बांधून ती प्रोपेलरपर्यंत आणा, म्हणजे काढायची विसरत नाही. मी एका पावसाळ्यानंतर तासभर प्रोपेलर फिरवत बसलो होतो. प्लग बदलला, कार्बोरेटर उघडला. शेवटी कॅनिस्टर काढला तेव्हा कळलं, कुंभारमाशीने मागच्या नळीत मातीचं घर बांधलं होतं, अगदी घट्ट लिंपून.